तिरप्या उन्हाचा देश

आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो काउंटीत, अ‍ॅकिल नावाचं बेट आहे. मुख्य भूमीशी ते पुलाने जोडलेलं आहे, त्यामुळे गाडी थेट आत जाते. या बेटावरच्या स्लीव्हमोर डोंगराच्या दक्षिण उतारावर एक ओसाड गाव आहे. ऐंशी ते शंभर दगडी घरं एका पायवाटेच्या कडेने ओळीत उभी आहेत, आणि एकाही घरावर छप्पर नाही. भिंतींच्या आत गवत, गवतात मेंढ्या.

मार्चमधल्या एका दुपारी मी तिथे पोहोचले तेव्हा बुरबुर पाऊस चालू होता. कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी बांधून मी एका पडक्या भिंतीच्या आडोशाला बसले. समोर उतार पसरला होता, पण टिपावं असं त्यात काही दिसेना. ओलं, तपकिरी-हिरवट गवत, जिकडे बघावं तिकडे सारखं. दोन तास असेच गेले. साडेसहाच्या सुमाराला पश्चिमेकडचा ढग समुद्रापासून हातभर वर उचलला गेला आणि त्या फटीतून मावळतीचं ऊन जमिनीला घासत आलं. उतारावर एकदम रेघा उठल्या. वरून खाली येणाऱ्या, एकमेकींना समांतर, शेकडो. प्रत्येक रेघेची एक कड सोनेरी, दुसरी काळी. मला सपाट वाटलेला तो सगळा उतार सरी-वरंब्यांनी भरलेला होता. चार-पाच मिनिटांत ढग पुन्हा खाली आला आणि रेघा पुसल्या गेल्या.

हे बटाट्याचे वाफे. जमिनीवर शेणखत किंवा समुद्रातलं शेवाळ पसरायचं, त्यावर बियाणं मांडायचं आणि दोन्ही बाजूंची माती गवताच्या मुळांसकट उलटून त्यावर घालायची. मधे आपोआप चर पडतो आणि पावसाचं पाणी त्यातून निघून जातं. १८४५ साली या पिकावर करपा पडला. आपल्याकडचे बटाटा-टोमॅटो लावणारे शेतकरी ज्याला उशिरा येणारा करपा म्हणतात, तोच. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि तापाच्या साथींनी मेली, आणखी सुमारे दहा लाख देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाखांच्या वर होती. १८५१ साली ती ६५ लाखांच्या आसपास उरली. स्लीव्हमोरचं गाव काही एका वर्षात उठलं नाही. दुष्काळानंतरही उन्हाळ्यात गुरं चारायला माणसं इथे येऊन राहत. पण वरच्या उतारावरचे ते वरंबे एकदा सुटले ते सुटलेच. गवताने त्यांना झाकलं, मोडलं मात्र नाही. आणि ते बघायचे तर ऊन तिरपंच लागतं.

आयर्लंडचे फोटो काढायला निघालेल्या माणसाला मी हीच गोष्ट आधी सांगते. बघायच्या जागांची यादी खुशाल करा, पण त्याआधी इथला सूर्य समजून घ्या.

मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, डब्लिन ५३ अंशांच्या थोडं वर. या एका फरकातून बाकी पुष्कळ काही निघतं. २१ डिसेंबरला मुंबईत भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे साडेसत्तेचाळीस अंश वर असतो; आपली सावली आपल्या उंचीपेक्षा थोडी आखूडच पडते. त्याच दिवशी डब्लिनमध्ये दुपारचा सूर्य जेमतेम १३ अंशांवर असतो आणि माणसाची सावली त्याच्या उंचीच्या सव्वाचार पट लांब पडते. सह्याद्रीत ज्या कोवळ्या उन्हासाठी आपण पहाटे चारला उठून गड चढतो, आणि नऊच्या आत ऊन कडक झालं म्हणून कॅमेरा पिशवीत ठेवून देतो, ते ऊन आयर्लंडच्या हिवाळ्यात सकाळी पावणेनऊपासून दुपारी चारपर्यंत पडलेलं असतं. दिवसच साडेसात तासांचा. पण ढग बाजूला झाले, तर त्यातलं एकही मिनिट वाया जात नाही.

सूर्य मावळतोही तिरपाच. मुंबईत तो जवळजवळ सरळ खाली बुडतो. विषुवदिनाच्या आसपास शेवटच्या सहा अंशांचा त्याचा प्रवास मुंबईत २५ मिनिटांत संपतो, तर डब्लिनमध्ये त्याला ४० मिनिटं लागतात. म्हणजे फोटोवाल्यांना जीव की प्राण असलेली ती सोनेरी वेळ इथे दीडपटीहून लांब असते. शिवाय मावळायची जागा वर्षभरात फार सरकते. जूनमध्ये सूर्य वायव्येला बुडतो, डिसेंबरमध्ये नैर्ऋत्येला, आणि या दोन ठिकाणांत ८०-८५ अंशांचं अंतर पडतं. मुंबईत हेच अंतर ५० अंशांच्या आसपास आहे. एखाद्याने काढलेला सुंदर फोटो बघून तुम्ही त्याच कड्यावर, त्याच दगडावर जाऊन उभे राहिलात, पण महिना दुसरा असला, तर तो उजेड तुम्हाला मिळणार नाही. फोटो बघताना जागेबरोबर महिनाही विचारावा.

जूनमध्ये जाणाऱ्यांची फसगत होते ती इथेच. दिवस सतरा तासांचा असतो, सूर्यास्त रात्री दहाच्या सुमाराला. मंडळी सकाळी नऊला निघतात आणि संध्याकाळी सातला दमून मुक्कामी परततात. या सगळ्या वेळात सूर्य ६० अंशांपर्यंत चढून उतरायला लागलेला असतो, सावल्या पायाशी आणि डोंगर चपटे. खरा उजेड त्यांच्या जेवणानंतर सुरू होतो. मी जूनमध्ये दुपारी झोपते आणि आठनंतर बाहेर पडते.

आता पाऊस. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. आयर्लंडच्या पश्चिमेला सखल भागात वर्षभरात हजार ते चौदाशे मिलिमीटर पडतो, पण त्यासाठी तो सुमारे सव्वादोनशे दिवस घेतो. धो धो क्वचितच. भुरभुर, रिपरिप, एखादी जोरदार सर, मग लख्ख ऊन, पुन्हा सर. आपला श्रावण वर्षभर पुरवून वापरल्यासारखा. मऊ, धुकट पावसाच्या दिवसाला आयरिश माणूस ‘सॉफ्ट डे’ म्हणतो, आणि ते तो तक्रारीच्या सुरात म्हणत नाही.

अटलांटिकवरून पश्चिमेच्या वाऱ्यांबरोबर ढगांचे पट्टे एकामागून एक येतात. पट्टा डोक्यावर असताना आकाश राखाडी, एकसारखं. तो पुढे सरकला की त्याच्यामागून उत्तरेची थंड, पावसाने धुतलेली हवा येते. तिच्यात धूळ जवळजवळ नसते, तीस-चाळीस किलोमीटरवरचा डोंगर हाताला लागेल असा दिसतो आणि कापसाच्या ढिगांसारखे सुटे ढग जमिनीवर सावल्या ओढत पळत असतात. हा काळ काही तासांचाच. पाऊस थांबायची वाट बघत खोलीत बसलेला माणूस हा काळ हमखास गमावतो, कारण पाऊस थांबल्यावर बूट चढवून, गाडी काढून जागेवर पोहोचेपर्यंत पुढचा पट्टा आलेला असतो. म्हणून पावसातच जाऊन उभं राहायचं.

याच हवेत इंद्रधनुष्य दिसतं, आणि आयर्लंडमध्ये ते इतक्यांदा का दिसतं याचंही उत्तर सूर्याच्या उंचीत आहे. पावसाच्या थेंबातून परतणारा प्रकाश सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेभोवती सुमारे ४२ अंशांचं कडं करतो. सूर्य ४२ अंशांच्या वर गेला की ते सगळं कडं क्षितिजाखाली जातं. मुंबईत वर्षातल्या कुठल्याही दिवशी भर दुपारी सूर्य ४७ अंशांच्या खाली नसतो, म्हणून आपल्याला ऐन दुपारी आकाशात इंद्रधनुष्य कधीच दिसत नाही. डब्लिनमध्ये सप्टेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत सूर्य दिवसभरात एकदाही ४२ अंश गाठत नाही. त्या साडेसहा महिन्यांत उजाडल्यापासून मावळेपर्यंत कुठल्याही क्षणी इंद्रधनुष्य पडू शकतं. सूर्याकडे पाठ करायची, समोर पाऊस हवा, इतकंच.

इथे एक अनुभवाची सूचना. आकाश गडद करण्यासाठी लेन्सवर पोलरायझर लावलेला असेल तर तो सावकाश फिरवून बघा. इंद्रधनुष्याचा प्रकाश ध्रुवित असतो. फिल्टर एका स्थितीत रंग भरून आणतो आणि दुसऱ्या स्थितीत धनुष्याचा तुकडा साफ खाऊन टाकतो. माझ्या पहिल्या आयर्लंडवारीत कॉनेमाराच्या एका तळ्यावर पूर्ण कमान पडली होती आणि माझ्या बारा फोटोंत ती अर्धीच आली. फिल्टर लावलेला आहे हे मी विसरले होते. त्याच वारीत खाऱ्या पाण्याचे तुषारही मला कळले. अटलांटिकच्या काठावर लेन्स दर मिनिटाला पुसावी लागते, नाहीतर घरी गेल्यावर प्रत्येक फोटोत दुधट ठिपके सापडतात. तेव्हापासून माझ्या खिशात चार कोरडी फडकी असतात.

जागांमध्ये माझा जीव सगळ्यात जास्त अडकतो तो उत्तर आयर्लंडच्या अँट्रिम किनाऱ्यावरच्या जायंट्स कॉजवेत. सुमारे चाळीस हजार दगडी खांब, बहुतेक षट्कोनी, समुद्रात पायऱ्यांसारखे उतरत गेलेले. लोककथेत हा फिन मॅककूल नावाच्या राक्षसाने स्कॉटलंडला जाण्यासाठी बांधलेला रस्ता. प्रत्यक्षात पाच ते सहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा साचला आणि हळूहळू थंड होताना आकसला. तळ्यातला गाळ सुकताना जशा बहुकोनी भेगा पडतात, तशाच या लाव्हाला पडल्या, पण वरून थेट खोलपर्यंत. दगड बेसॉल्ट. महाराष्ट्राच्या माणसाला या दगडाची ओळख करून द्यायला नको, आपले गड त्याच काळ्या पाषाणाचे आहेत. असेच खांब बघायचे तर अंधेरीला गिल्बर्ट हिलपाशी जाऊन मान वर करावी. दख्खनच्या लाव्हातून सहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वी घडलेला साठेक मीटर उंचीचा खांबांचा तो कडा आज इमारतींच्या दाटीत उभा आहे. त्याचेही चांगले फोटो निघायला हवेत. मला अजून मनासारखा काढता आलेला नाही.

कॉजवे जगाला ठाऊक झाला तो चित्रामुळे. सुझाना ड्रुरी या डब्लिनच्या चित्रकर्तीने १७३९ च्या सुमाराला तिथे जाऊन खांबांची चित्रं काढली. खांब न खांब, सांधा न सांधा, दगडावर उभी माणसंही मापाला. १७४० साली डब्लिन सोसायटीने तिला त्यासाठी २५ पौंडांचं बक्षीस दिलं. पुढे फ्रांस्वा व्हिव्हारेने त्यांवरून ताम्रपट कोरले, छापचित्रं युरोपभर गेली आणि हा दगड पाण्यातून साचून झाला की आगीतून निघाला, या त्या शतकातल्या मोठ्या वादात विद्वानांनी ती समोर ठेवून मुद्दे मांडले. कॅमेरा जन्माला यायला अजून शंभर वर्षं होती. आज कॉजवेवर ट्रायपॉड लावणारा बहुतेक जण नकळत सुझानाच्याच जागी उभा असतो: खांब पुढे, समुद्र एका बाजूला, मागे कडा.

हा किनारा उत्तरेकडे तोंड करून आहे, तेव्हा हिवाळ्यात तो बराच वेळ कड्याच्या सावलीत राहतो. जूनमध्ये मात्र मावळतीचा सूर्य वायव्येच्या समुद्रावरून खांबांच्या माथ्यांना आडवा लागतो आणि प्रत्येक षट्कोन वेगळा सुटतो. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बरोबर ठेवावं. ओहोटी नुकतीच लागलेली असताना दगड ओले आणि काळेभोर असतात, आणि खांबांच्या खोलगट माथ्यांत पाण्याची लहान लहान थारोळी उरलेली असतात. एका थारोळ्यावर कॅमेरा अगदी वीतभर खाली नेला तर त्यात अख्खं आकाश मावतं.

क्लेअर काउंटीतल्या मोहरच्या कड्यांबद्दल थोडक्यात आटोपते, कारण त्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले आहेत. सर्वांत उंच जागी २१४ मीटर, जवळ १८३५ सालचा ओब्रायनचा बुरूज. कडे पश्चिमेकडे बघतात, म्हणून सकाळी ते स्वतःच्याच सावलीत काळे असतात; तिसऱ्या प्रहरानंतर जावं. कडेला जाऊ नये. वरचा वाळूचा दगड टणक आणि खालचा पाटीसारखा थर ठिसूळ, त्यामुळे आपण उभे असतो ती जमीन खालून पोखरलेली असू शकते, आणि वारा माणसाला ढकलण्याइतका असतो. त्या फोटोसाठी जिवाशी खेळू नये.

कड्यांच्या उत्तरेला बरन आहे. तिथे थांबावं. चुनखडीची उघडी फरसबंदी, मैलोन्‌मैल राखाडी, आणि तिच्यात पावसाच्या पाण्याने कोरलेल्या फटी. वरून बघणाऱ्याला हे नापीक वाटतं. गुडघे टेकून फटीत डोकावलं की नेच्याची पानं दिसतात, आणि एप्रिल-मेमध्ये जेन्शन नावाचं बोटाच्या पेरापेक्षाही लहान, गडद निळं फूल. ढगाळ दिवसच त्याला योग्य. उन्हात त्या निळ्याचा मखमलीपणा उडतो. याच माळावर पोलनाब्रोनचं दगडी थडगं आहे, दोन-तीन उभ्या शिळांवर एक आडवी, पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं. १९८० च्या दशकातल्या उत्खननात त्यात तीसहून अधिक माणसांच्या अस्थी मिळाल्या. त्या शिळेचा फोटो काढताना माझा ट्रायपॉड फटीत घसरला आणि कॅमेरा दगडावर आपटला. तेव्हापासून मी तिथे तिन्ही पाय आधी हाताने दाबून बघते.

आणि हो, आयर्लंडमध्ये दुसऱ्याच्या शेतातून हवं तसं फिरण्याचा हक्क कायद्याने मिळत नाही. गवताचा मोकळा माळ दिसला तरी तो कुणाचा तरी असतो. विचारलं तर शेतकरी सहसा नाही म्हणत नाहीत. फाटक उघडलं तर लावून घ्यायचं.

आता रंगाचा प्रश्न, कारण आयर्लंड म्हटलं की प्रत्येकाच्या मनात एक हिरवा असतो. तो कुठून आला? त्यातला बराचसा जॉन हाइंड या माणसाच्या पोस्टकार्डांतून. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या हाइंडने १९५० च्या दशकात डब्लिनमध्ये पोस्टकार्डांचा व्यवसाय उभा केला. निळंभोर आकाश, पाचूसारखी कुरणं, लाल केसांची दोन मुलं आणि गाढवाच्या पाठीवर सरपणाच्या वाळक्या पीट-मातीच्या वड्या. छपाईसाठी फोटोंच्या पारदर्शिका इटलीला जात आणि कुठला रंग कुठे चढवायचा याच्या बारीक सूचना सोबत असत. चित्रात काही नकोसं येत असेल, तर पुढे रोडोडेंड्रॉनची फुललेली फांदी धरत. त्यासाठी गाडीत करवत असे, असं सांगतात. हे रोडोडेंड्रॉन मुळात आयर्लंडचं नव्हे. बाहेरून आलेलं हे झुडूप आज तिथल्या जुन्या ओकच्या रानांना गुदमरवतं आहे. हाइंडच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. त्याची कार्डं परदेशी गेलेल्या कितीतरी आयरिश घरांत जपून ठेवलेली असत. पण त्या कार्डांनी आयर्लंडचा राखाडी, तपकिरी, ओला रंग दोन पिढ्यांच्या नजरेतून काढून टाकला, हे मला आजही सलतं.

कारण त्याच्या चार दशकं आधीचे रंगीत फोटो वेगळं सांगतात. १९१३ च्या मे-जूनमध्ये मार्गेरीत मेस्पुले आणि माद्लेन मिन्यों या दोन फ्रेंच तरुणी आयर्लंडला आल्या. आल्बेर कान या पॅरिसच्या धनिकाने साऱ्या पृथ्वीचं रंगीत चित्रसंग्रहालय करायचं ठरवलं होतं, त्या कामासाठी. आयर्लंडचे सर्वांत जुने रंगीत फोटो म्हणून त्यांनी काचेवर घेतलेले फोटोच ओळखले जातात. गॉलवेच्या क्लॅडा या कोळीवाड्यातली गवताने शाकारलेली घरं, चिखलाची वाट, लाल पेहरावातली एक मुलगी. तो कोळीवाडा १९३० च्या दशकात पाडला गेला. फोटोंतलं आकाश फिकट, भिंती मळकट पांढऱ्या, हिरवा रंग मातीत मिसळलेला. आणि त्या सगळ्यात ती लाल लोकर अशी पेटलेली दिसते की नजर हटत नाही. आजूबाजूला सगळं भडक असतं, तर ती पेटली नसती.

या फोटोंचं तंत्र ऑटोक्रोम, ल्युमिए बंधूंनी १९०७ साली बाजारात आणलेलं. काचेवर पिठाचे अतिसूक्ष्म कण एकाच थरात पसरायचे: काही नारिंगी रंगवलेले, काही हिरवे, काही जांभळट निळे. मधल्या फटी काजळीने बुजवायच्या, वर प्रकाशाला जागणारा लेप द्यायचा. प्रत्येक कण म्हणजे एक चिमुकला रंगीत फिल्टर. काच उजेडासमोर धरली की लाखो कण मिळून रंग दिसतो. हे पीठ बटाट्याचं असे. करप्याने आयर्लंडचा बटाटा कुजवल्याला १९१३ साली अडुसष्ट वर्षं झाली होती, आणि त्या दुष्काळातून वाचलेल्यांच्या मुला-नातवंडांचा रंग बटाट्याच्याच कणांतून काचेवर उतरला. ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली त्या दिवशी मी दुसरं काही काम करू शकले नाही.

तर फोटो घरी आणल्यावर हिरव्या रंगाची पट्टी उजवीकडे ओढण्याआधी थांबावं. आयर्लंडचा हिरवा खोल दिसतो तो ढगाखाली, कारण तेव्हा पानांवरची चमक जाते. ओल्या गवतावरची उरलेली चमक पोलरायझर काढतो. एवढं पुरतं.

तिरप्या उन्हाची किंमत पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनाही ठाऊक होती. मीथ काउंटीतलं न्यूग्रेंज हे इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमाराचं मातीचं आणि दगडांचं प्रचंड थडगं. दारातून आत १९ मीटरची अरुंद वाट आणि शेवटी गाभारा. दाराच्या वर एक चौकोनी झरोका आहे. एम. जे. ओकेली या पुरातत्त्वज्ञांनी १९६२ पासून तिथे उत्खनन केलं. आजूबाजूचे लोक त्यांना सांगत की सूर्य आत शिरतो. २१ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ते एकटे गाभाऱ्यात जाऊन बसले. सूर्य उगवल्यावर काही मिनिटांत झरोक्यातून प्रकाशाची बारीक पट्टी वाटेवरून सरपटत आत आली, रुंदावली, गाभारा उजळला आणि सुमारे सतरा मिनिटांनी परत गेली. आत पर्यटकांना फोटो काढायला मनाई आहे. पण कॅमेरा हाताळणाऱ्या माणसाने त्या वाटेत एकदा उभं राहावंच. अंधारी खोली, एक छिद्र आणि ठरावीक वेळ उघडणारा प्रकाश: आपण हाच खेळ खेळत असतो.

न्यूग्रेंजजवळच्या शेतांत २०१८ च्या जुलैत जे घडलं ते तर फोटोग्राफीनेच घडवलं. त्या उन्हाळ्यात कोरड पडली होती. अँथनी मर्फी आणि केन विल्यम्स या दोघांनी संध्याकाळी ड्रोन उडवले आणि पडद्यावर त्यांना शेतात एक भलंमोठं वर्तुळ दिसलं, ठिपक्या-पट्ट्यांचं. हजारो वर्षांपूर्वी तिथे खणलेल्या खड्ड्यांत आणि चरांत नंतर भरलेली माती जास्त ओल धरते. भोवतालचं पीक पिवळं पडलं तेव्हा त्या खुणांवरचं पीक हिरवं राहिलं. जमिनीवर उभ्या माणसाला यातलं काही कळत नव्हतं. पाऊस आला आणि वर्तुळ मिटलं.

रात्रीकडे वळण्याआधी एक सांगते. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत आयर्लंडमध्ये खरी काळोखी रात्र होतच नाही. मध्यरात्रीही सूर्य क्षितिजाच्या फार खाली जात नाही. ताऱ्यांसाठी हा काळ वाया, पण उत्तर क्षितिजावर चंदेरी-निळ्या जाळीसारखे ढग दिसण्याची वेळ हीच. ते ८० किलोमीटरच्या वर, बर्फाच्या कणांचे असतात आणि खाली अंधार असताना त्यांच्यावर ऊन असतं. आपल्या आकाशगंगेचा गाभा मात्र इथे दक्षिणेला जेमतेम आठ अंश वर येतो. त्याच्यासाठी सह्याद्रीच बरा, तिथून तो चाळीस अंशांच्या वर चढतो. आयर्लंडच्या वाट्याला उत्तर आली आहे. मेयोत बॅलीक्रॉयच्या ओसाड पीट-भूमीवर आणि केरीच्या टोकाला दिव्यांपासून राखलेली अधिकृत काळोखी क्षेत्रं आहेत. तिथे डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास द्यावा.

१० मे २०२४ च्या रात्री सूर्यावरच्या वादळांमुळे ध्रुवीय प्रकाश साऱ्या आयर्लंडवर पसरला, आणि त्याच रात्री लडाखमध्ये हानले इथल्या कॅमेऱ्यांनीही तो लाल रंगात टिपला. एरवी मात्र आयर्लंडच्या उत्तर टोकाला, मॅलिन हेडसारख्या जागी, तो क्षितिजाजवळ फिका राखाडी पडदाच वाटतो. मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत. कॅमेऱ्याचं शटर दहा सेकंद उघडं ठेवलं की ऑक्सिजनचा हिरवा दिसतो, आणि त्याच्याही वर, दोनशे किलोमीटरपलीकडचा लाल.

आयर्लंडच्या आकाशाचा इतिहास सांगताना ऑफली काउंटीतल्या बर गावच्या वाड्याला वगळता येत नाही. तिथे विल्यम पार्सन्स, रॉसचे तिसरे अर्ल, यांनी १८४५ साली १.८३ मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभी केली. सत्तरहून जास्त वर्षं ती जगातली सर्वांत मोठी होती. त्याच वर्षी त्यांनी तिच्यातून एका तेजोमेघाची चक्राकार रचना पहिल्यांदा पाहिली आणि हाताने रेखाटली. आज आपण त्याला सर्पिल दीर्घिका म्हणतो. काही महिन्यांतच करपा आला आणि दुष्काळात निरीक्षणं रखडली. या महाकाय दुर्बिणीतून ताऱ्यांचा फोटो काढता येत नसे. दोन भिंतींमध्ये टांगलेली ती नळी फिरणाऱ्या आकाशाचा नेमका पाठलाग करू शकत नव्हती. पण त्यांची पत्नी मेरी रॉस हिने १८५० च्या दशकात कॅमेरा हाती घेतला. दुर्बीण, तिच्या शिड्या, समोर उभी मुलं यांचे तिचे फोटो आज त्या यंत्राचा सर्वांत विश्वासू पुरावा आहेत. १८५९ साली तिला आयर्लंडच्या फोटोग्राफिक सोसायटीचं रौप्यपदक मिळालं. तिची अंधारखोली बाटल्या-उपकरणांसकट टिकून राहिली.

स्लीव्हमोरला मी आणखी एकदा गेले, ऑक्टोबरमध्ये. मुंबईहून आईचा फोन आला तेव्हा आठवलं, त्या रात्री कोजागरी होती. आकाश निवळलं होतं. आठच्या सुमाराला, पूर्ण अंधार झाल्यावर, चंद्र पूर्वेकडे क्षितिजाच्या थोडाच वर आला होता. उतार डोळ्यांना नुसता करडा दिसत होता. ट्रायपॉड भिंतीच्या दगडांत घट्ट रोवला, लेन्स पूर्ण उघडी केली, आयएसओ सोळाशे, पंधरा सेकंद. वारा पडेपर्यंत थांबले आणि शटर दाबलं. मागच्या पडद्यावर आधी तारे आले, मग डोंगराची कड, मग खाली, एकेक करत, वरंबे. मार्चमध्ये त्यांच्या सावल्या पूर्वेला पडल्या होत्या. या वेळी त्या पश्चिमेला, समुद्राकडे पडल्या होत्या.